शंभर तारा जुळवायच्या कशा?

संतूरच्या मैफलीला तुम्ही कधी गेला असाल, तर एक गोष्ट तुमच्या नक्की लक्षात आली असेल. पडदा वर जातो. वादक मांडीवर ते चौकोनी वाद्य घेऊन बसलेले असतात. टाळ्या होतात, पण वादन काही सुरू होत नाही. वादक एक छोटी हातोडी खुंटीवर बसवतात, दुसऱ्या हाताने तार हलकेच छेडतात, मान किंचित तिरकी करून ऐकतात, खुंटी केसभर फिरवतात आणि पुन्हा ऐकतात. मग पुढची तार, मग तिच्या पुढची. तबलावादकांनी आपली जोडी केव्हाच लावून घेतलेली असते. शेवटी मागच्या रांगेतले कोणीतरी कुजबुजते, "हे लोक वाद्य घरून जुळवून का आणत नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. पण वाद्य घरून जुळवूनच आणलेले असते! तरीही सभागृहात येईपर्यंत ते बिघडते, आणि दिवे लागले की आणखी बिघडते. संतूर शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याला राग येण्याच्या कितीतरी आधी ही जुळवाजुळव यावी लागते. ती नुसती सवयीची बाब नाही. तिच्यात ध्वनिशास्त्र आणि उष्णतेचा धडा असे दोन्ही आहेत, आणि तुमच्या पुस्तकातली दोन-तीन सूत्रे घेऊन आपण तो उलगडू शकतो.

आधी वाद्य पाहू या. संतूर म्हणजे एक पोकळ लाकडी पेटी. तिचा आकार समलंब चौकोनाचा: वादकाकडची बाजू लांब, समोरची आखूड. वरच्या पातळ फळीला तबली म्हणतात. तबलीवर दोन्ही बाजूंना लाकडी घोड्यांच्या रांगा आणि त्यांवरून पेटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणलेल्या तारा. काश्मीरच्या जुन्या संतूरला २५ घोड्या आणि प्रत्येक घोडीवर चार, अशा शंभर तारा असतात. एका घोडीवरच्या चारही तारा एकाच स्वराच्या. वाजवायला आक्रोडाच्या लाकडाच्या, टोकाशी वाकवलेल्या दोन नाजूक काड्या असतात. त्यांना कलम म्हणतात.

या वाद्याची भावंडे जगभर पसरलेली आहेत. इराणच्या संतूरला १८ घोड्या आणि ७२ तारा असतात. चीनमध्ये त्याला यांगचिन म्हणतात व ते बांबूच्या काड्यांनी वाजवतात. हंगेरीत ते मोठ्या टेबलाएवढे होते. तिथले त्याचे नाव सिंबालोम. इंग्लंड-अमेरिकेत याच जातीच्या वाद्याला डल्सिमर म्हणतात. आपला संतूर म्हणजे प्राचीन शततंत्री वीणा, असे पुष्कळ लोक सांगतात. भाषेचे अभ्यासक 'संतूर' हा शब्द ग्रीक 'साल्टेरिऑन'शी जोडतात. नावावरून वाद्याचे कूळ ठरवणे तसे धोक्याचेच. ते असो. तारेवर ठोका मारून स्वर काढायचा, ही कल्पना मात्र सगळ्यांची एकच. पियानोत तरी दुसरे काय असते? तिथे हातोडे पेटीच्या आत दडलेले असतात, एवढाच फरक.

तारेचा स्वर कशावर ठरतो?

फ्रान्समधील मारँ मेर्सेन या धर्मगुरूने १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे नियम मांडले. तार जितकी आखूड तितका स्वर उंच. तार जितकी जाड तितका स्वर खाली. आणि ताण वाढवला की स्वर चढतो. पण जरा कंजूषपणाने. ताण चौपट केला, तर कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, फक्त दुप्पट होते. कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते.

समजा, सगळ्या तारा सारख्याच जाडीच्या घेतल्या, सारख्याच ताणल्या आणि नुसत्या लांबीवर स्वर ठरवले. आजच्या संतूरचा पल्ला साधारण तीन सप्तकांचा असतो. प्रत्येक सप्तकाला कंप्रता दुप्पट होते, म्हणजे तीन सप्तकांना आठपट. सर्वांत उंच स्वराची तार २५ सेंटिमीटरची असेल, तर सर्वांत खालच्या स्वराची तार दोन मीटरची हवी! असले वाद्य मांडीवर कसे घ्यायचे? म्हणून कारागीर तडजोड करतो. पेटी समलंब करून खालच्या स्वरांना थोडी जास्त लांबी देतो आणि उरलेली कसर तारेची जाडी आणि ताण यांनी भरून काढतो. ही तडजोड लक्षात ठेवा. पुढे ती वादकाला चांगलीच महागात पडणार आहे.

आता एका तारेचा हिशेब करू. आपल्याकडे संगीतशास्त्र समजावून सांगताना मध्य सप्तकातला सा सेकंदाला २४० कंपनांचा धरण्याची पद्धत आहे; आपणही तोच धरू. कंप पावणारी लांबी अर्धा मीटर आणि तार पोलादाची. हा सा मिळावा म्हणून तार किती ताणावी लागेल? वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी हे स्वतः पडताळून पाहावे: तारेतले प्रतिबल म्हणजे घनता गुणिले (२ × लांबी × कंप्रता) याचा वर्ग. पोलादाची घनता दर घनमीटरला ७८०० किलोग्रॅम. प्रतिबल येते दर चौरस मीटरला सुमारे ४५ कोटी न्यूटन. त्याला पोलादाच्या यंगच्या गुणांकाने भागले, की तार किती लांबली ते कळते. उत्तर येते सुमारे १.१ मिलिमीटर. गंमत म्हणजे तारेची जाडी या हिशेबात येतच नाही.

फक्त १.१ मिलिमीटर! तारेचा सगळा सूर या एवढ्याशा लांबण्यावर उभा आहे. आता सभागृहातले दिवे लागले आणि तार १० अंश सेल्सिअसने तापली असे समजा. दर अंशाला पोलाद आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढते. अर्ध्या मीटरची तार १० अंशांना ०.०६ मिलिमीटर वाढेल. तुम्ही म्हणाल, केसाच्या जाडीएवढे ते वाढणे, त्याने काय होणार? पण तुलना अर्ध्या मीटरशी करायची नसून त्या १.१ मिलिमीटरशी करायची आहे. तिथे ०.०६ म्हणजे पाच टक्क्यांहून अधिक. लाकडी चौकट जागची हलली नाही असे धरले, तर ताण तितका उतरला आणि कंप्रता त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे अडीच टक्क्यांनी उतरली. २४० चे झाले २३४. शुद्ध सा आणि कोमल रे यांच्यातले अंतर जेमतेम सहा टक्क्यांचे असते. म्हणजे अर्ध्या वाटेला जाऊन पोहोचलो की!

सगळ्याच तारा सारख्या उतरल्या असत्या, तर एक वेळ चालले असते. तानपुरा थोडा खाली लावला की काम भागले. पण तसे होत नाही. जिच्यात प्रतिबल कमी, ती तार मुळात कमी लांबलेली असते. तिच्या दृष्टीने तेवढीच वाढ फार मोठी ठरते. आणि प्रतिबल कमी असते ते खालच्या स्वरांच्या तारांत, कारण त्यांना हवी तेवढी लांबी न देता आपण जाडीवर भागवले आहे. म्हणून खर्जाकडच्या तारा जास्त उतरतात, वरच्या कमी. वाद्य आपल्याशीच भांडू लागते. शिवाय बारीक तार लवकर तापते, जाड तार सावकाश. पावसाळ्यात लाकूड दमट हवेने फुगते, थंड सभागृहात तारा उलट चढतात. आता मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांना काय उत्तर द्यायचे ते तुमचे तुम्हीच ठरवा.

कानाचे तराजू

बरे, बिघडलेली तार ओळखायची कशी? २४० आणि २३९ यांतला फरक नुसत्या कानाला सहज कळत नाही. पण दोन्ही तारा एकदम वाजवल्या, तर चमत्कार होतो. आवाज हलू लागतो. वाढतो, कमी होतो, पुन्हा वाढतो, 'वांव्, वांव्' असा. दोन्ही तारांची कंपने कधी एकमेकांना साथ देतात, कधी एकमेकांना खोडतात, म्हणून असे होते. याला स्पंद म्हणतात. एका सेकंदात जितके स्पंद, तितका दोन कंप्रतांतला फरक. २४० आणि २३९ असतील तर सेकंदाला एक स्पंद. २४० आणि २३६ असतील तर चार. खुंटी फिरवता फिरवता स्पंद संथ होत जातात आणि नाहीसे होतात. तार जुळली.

म्हणजे वादकाला कंप्रता मोजावी लागत नाही. त्याने फक्त हलणे ऐकायचे. संतूरवर एका स्वराच्या तीन-चार तारा जवळजवळ असतात, त्यामुळे हे हलणे लगेच पकडता येते; मात्र ते ऐकण्याची सवय लागावी लागते. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी ते ऐकूच येत नाही. काही आठवड्यांनी ते ऐकू येऊ लागते आणि मग पिच्छा सोडत नाही! याला एक मर्यादाही आहे. फरक सेकंदाला पाव कंपनाचा असेल, तर एक स्पंद पुरा व्हायला चार सेकंद लागतात, आणि तोवर तारेचा नाद बराचसा विरून गेलेला असतो. म्हणून वादक तार पुन्हा पुन्हा छेडतात.

वेगळ्या स्वरांच्या तारांनाही ही युक्ती लागू पडते. कोणतीही तार वाजली की मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे बारीक स्वरही निघतात. सा २४० चा असेल तर त्याच्या तिपटीचा स्वर ७२०. पंचम ३६० चा असेल तर त्याच्या दुपटीचा स्वरही ७२०. पंचम चुकून ३६१ चा लागला, तर ७२० आणि ७२२ यांच्यात सेकंदाला दोन स्पंद होतात. साधलेला कान ते त्या गोंगाटातून नेमके उचलतो.

कान साधला तरी हात साधायचा राहतोच. खुंटीचा व्यास ६ मिलिमीटर धरा. ती एक फेरी फिरली, तर तिच्यावर जवळजवळ १९ मिलिमीटर तार गुंडाळली जाईल. आपल्याला तर एकूण १.१ मिलिमीटर लांबण्याशी व्यवहार करायचा आहे! सा चा कोमल रे करायचा तर ताण १२ टक्के वाढवावा लागतो. त्यासाठी खुंटी फिरते अवघी अडीच अंश. आणि सेकंदाला एक स्पंद घालवायचा असेल तर अंशाचा साधारण पाचवा हिस्सा. घड्याळाचा मिनिटकाटा दोन सेकंदांत एवढा सरकतो. लाकडात घट्ट बसलेली खुंटी इतकी अलगद फिरवणे हे काय कौशल्य आहे, ते एकदा करून पाहिल्याशिवाय कळायचे नाही. सतारीला बारीक सुरासाठी तारेत मणी ओवलेला असतो. तो सरकवला की ताण अगदी थोडा बदलतो. संतूरलाही अशी सोय असावी म्हणून कोलकात्याचे तरुण भट्टाचार्य यांनी तसे मणके बसवले.

एवढ्याने संपले असे समजू नका. यमन वाजवून झाला आणि आता भैरव वाजवायचा आहे. यमनातले रे आणि ध शुद्ध, म तीव्र. भैरवात रे आणि ध कोमल, म शुद्ध. म्हणजे सप्तकातले तीन स्वर बदलले. तीन सप्तके आणि प्रत्येक स्वराला तीन तारा धरल्या, तर तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस तारा पुन्हा लावायच्या. आणि त्या लावताना बाकीच्या स्वस्थ बसत नाहीत. ०.४ मिलिमीटर जाडीची आपली तार सुमारे पावणेसहा किलोग्रॅम वजनाएवढ्या जोराने ओढत असते. अशा शंभर तारा म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक ओढ ती लाकडी पेटी सोसते आहे. काही तारा सैल केल्या की पेटी किंचित उमलते आणि न शिवलेल्या तारांचाही सूर हलतो.

जो स्वर वाकत नाही

आतापर्यंत आपण वाद्य सुरात आणले. पण याहून मोठी अडचण पुढेच आहे, आणि तिच्यापायी हे वाद्य रागसंगीताच्या मंचावर यायचेच राहिले असते.

सतारवादक पडद्यावर तार दाबून बाजूला ओढतो. ताण वाढतो आणि स्वर सलग चढत जातो. हीच मींड. गळ्याला तर ती सहजच येते. संतूरच्या तारेची दोन्ही टोके पक्की आहेत आणि वादकाच्या हातात फक्त काडी आहे. ठोका मारला की स्वर निघणार, लगेच विरू लागणार, आणि वाकणार मुळीच नाही. स्वर टिकत नाही व मींड निघत नाही. मग आलाप करायचा कसा?

काश्मीरमध्ये संतूर सूफियाना मौसिकीत, म्हणजे सूफी भजनगायनाच्या साथीत, वाजत असे. तिथे ही अडचण भासत नसे. जम्मूचे गायक उमादत्त शर्मा यांनी मात्र ठरवले, की या वाद्यावर राग वाजला पाहिजे, आणि आपल्या मुलाच्या हाती ते दिले. मुलगा लहानपणापासून तबला आणि गाणे शिकत होता. त्याचे नाव शिवकुमार. जन्म १३ जानेवारी १९३८. १९५५ साली, सतराव्या वर्षी, त्याने मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात संतूर वाजवला. श्रोत्यांना वादन आवडले. जाणकारांतल्या कित्येकांनी मात्र मान हलवली: मुलगा गुणी आहे, पण वाद्य चुकीचे निवडले आहे.

शास्त्राच्या दृष्टीने ती टीका खोटी नव्हती. म्हणूनच तिला दिलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. शिवकुमार शर्मा यांनी वाद टाळून वाद्यातच हात घातला. तारांची मांडणी बदलली, घोड्या वाढवल्या, पल्ला तीन सप्तकांवर नेला. एका स्वराच्या तारा कमी केल्या, म्हणजे आवाज नेमका निघेल आणि जुळवणेही आटोक्यात येईल. जुने वादक संतूर तिपाईवर ठेवत. त्यांनी तो मांडीवर घेतला. लाकडाच्या तिपाईऐवजी अंगाचा आधार मिळाला, की वाद्याचा नको असलेला घुमारा कमी होतो.

उरली मींड. तिच्यासाठी त्यांनी कलम वापरण्याची रीत शोधली. ठोका मारण्याऐवजी कलम तारेवर हलकेच टेकवून सरकू द्यायचे. ते थरथरत जाते आणि एका ठोक्याऐवजी अनेक बारीक ठोके देते. आपला कान सेकंदाला चार-पाच ठोके सुटे मोजू शकतो. पंधरा-वीसच्या पुढे गेले की ते एकमेकांत मिसळून सलग वाटू लागतात. चित्रपटात सेकंदाला २४ स्थिर चित्रे दाखवून डोळ्याला हालचाल भासवतात ना, त्यातलाच हा कानाचा प्रकार. विरणारा स्वर असा लांबवता येतो. आणि एका स्वराच्या तारांवरून शेजारच्या स्वराच्या तारांवर कलम असेच उतरवले, की मधली पायरी कानाला जाणवत नाही. खरी मींड ही नव्हे. दोन स्वरांच्या मधल्या कंप्रता इथे प्रत्यक्षात निघतच नाहीत. तरीही ती मींड ऐकल्याचे समाधान देते, आणि माझ्या मते यात फसवणूक नाही, कारण संगीत कानासाठीच असते.

हे साधायला वर्षे लागली. दरम्यान ज्या वर्षी ते संमेलन झाले, त्याच वर्षी आलेल्या व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे' या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात त्यांचा संतूर वाजला. पुढे ते मुंबईतच राहिले. १९६७ साली हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार यांच्यासह काढलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका देशभर गाजली, आणि ज्यांनी संतूर हे नावही ऐकले नव्हते त्यांच्या घरात तो पोहोचला. २००१ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

तारा थांबवणे हीदेखील एक विद्या आहे, बरे का. मागचा स्वर घुमत असतानाच पुढचा वाजला, तर दोन्ही मिसळून गोंधळ होतो. हंगेरीच्या सिंबालोमवर बुडापेस्टच्या योझेफ शुंडा यांनी १८७४ साली यासाठी पायाने दाबायची पट्टी बसवली. तिच्याने तारांवर गादी टेकते अथवा उचलली जाते. संतूरवादकाचे पाय मांडी घालून अडकलेले. त्याला हाताच्या तळव्यानेच तारा शांत कराव्या लागतात, आणि तेही लय न चुकवता.

आणि तीन तारा कशाला, एकच जाड तार का नको? पियानोच्या बाबतीत गॅब्रिएल वाइनराइख या शास्त्रज्ञाने १९७७ साली याचा छडा लावला. तीन तारा ठोक्यानंतर एकाच दिशेने हलतात तेव्हा त्या घोडीला एकजुटीने ढकलतात. आवाज मोठा निघतो, पण ऊर्जाही लवकर संपते. तारांत अगदी किंचित फरक असेल, तर थोड्या वेळाने त्या एकमेकींविरुद्ध हलू लागतात, घोडीला मिळणारे धक्के कमी होतात आणि उरलेला नाद जास्त काळ रेंगाळतो. म्हणजे पियानो जुळवणारा कुशल कारागीर तारा मुद्दाम केसभर वेगळ्या ठेवून नाद लांबवू शकतो. स्पंद घालवायचे खरे. पण किती, हेही कानानेच ठरवायचे.

गुरूकडे काय मिळते?

एवढे सगळे पुस्तकात लिहिता येते, मग शिकवणीला जायचे कशाला? कारण मनगट आणि कान पुस्तकात मिळत नाहीत. कलम बोटांत सैल धरावे लागते. घट्ट धरले, की ते तारेवर क्षणभर जास्त टेकून राहते आणि वरचे बारीक स्वर मारले जाऊन आवाज बोथट होतो. घोडीच्या जवळ ठोका मारला तर स्वर झणझणीत, मध्याकडे गेला तर गोल. दोन्ही हातांचे ठोके सारखे पडेपर्यंत एकच पलटा तासन्‌तास घोटावा लागतो.

आणखी एक मौज: संतूरचे गुरू शिकवताना गातात. आलापातली जी वळणे वाद्यावर कलमाच्या युक्तीने भासवायची असतात, ती विद्यार्थ्याच्या मनात आधी गळ्याने उतरवलेली असली पाहिजेत. ज्याने मींड गाऊन पाहिलेली नाही, त्याच्या कलमातून ती भासणार तरी कशी? शिवकुमार शर्मा यांचे शिष्य सतीश व्यास यांचेच उदाहरण घ्या. त्यांचे वडील म्हणजे मूळचे उस्मानाबादचे (आता धाराशिव) ख्यातनाम गायक सी. आर. व्यास. गाण्याची तालीम घरातच झालेली. पुण्याचे धनंजय दैठणकर हेही त्याच गुरूंचे शिष्य. अशा मंडळींमुळे काश्मीरचे हे वाद्य मुंबई-पुण्यात शिकता येऊ लागले.

मात्र सगळे वादक एकाच वाटेने गेले नाहीत. मुंबईचे उल्हास बापट (१९५०–२०१८) यांनी जुळवण्याच्या प्रश्नालाच वेगळी बगल दिली. सप्तकातले बाराही स्वर आधीच लावून ठेवायचे, म्हणजे एका रागातून दुसऱ्यात जाताना एकही खुंटी फिरवायला नको. आपल्या त्या सत्तावीस तारांचा खटाटोप एका झटक्यात संपला! किंमत दुसरीकडे द्यावी लागते. रागात नसलेले पाच-सात स्वर कलमाखाली सतत उभे. त्यांना वगळून जलद तान घ्यायची म्हणजे गर्दीतून कोणालाही धक्का न लावता सायकल काढण्यासारखे. त्यांनी ते साधले, रागमाला न थांबता वाजवल्या, आणि राहुल देव बर्मन यांच्या कितीतरी चित्रपटगीतांत वाजवले. मींडेसाठीही त्यांनी स्वतःची निराळी युक्ती शोधली होती.

काश्मीरचे भजन सोपोरी यांच्या घराण्यात संतूर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. त्यांनी वाद्याला तुंबा आणि तरफेच्या तारा जोडल्या. तरफेची तार कोणी छेडत नाही. तिच्या कंप्रतेचा स्वर वाजला, की ती अनुनादाने आपोआप घुमते. विरणारा स्वर लांबवण्याचा हा दुसरा उपाय. म्हणजे एकाने घुमारा कमी केला, दुसऱ्याने वाढवला, आणि दोघांनाही आपापल्या जागी हवे ते मिळाले! २०२२ साली १० मे रोजी शिवकुमार शर्मा गेले आणि २ जून रोजी भजन सोपोरी. शिवकुमार यांचे चिरंजीव राहुल शर्मा आणि सोपोरी यांचे चिरंजीव अभय सोपोरी दोघेही संतूरच वाजवतात.

करून पाहा

संतूर महाग असतो. पण त्याचा एक स्वर घरी करता येईल. साठ-सत्तर सेंटिमीटर लांबीची जाड फळी घ्या. एका टोकाला दोन खिळे ठोका, दुसऱ्या टोकाला डोळ्याचे दोन स्क्रू बसवा. गिटारच्या सर्वांत बारीक अशा दोन सारख्या पोलादी तारा त्यांच्यामध्ये शेजारी शेजारी बांधा. दोन्हीकडे तारांखाली पेन्सिलीचा एकेक तुकडा आडवा सरकवा. या झाल्या घोड्या. आता स्क्रू पिळून तारा ताणा. तार तुटली तर उसळते, म्हणून तोंड लांब ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा घाला.

दोन्ही तारा जवळजवळ एका सुरात आल्या, की पेन्सिलीने दोन्हींवर एकदम हलका ठोका मारा आणि फळीला कान लावा. स्पंद ऐकू येतील. घड्याळ लावून दहा सेकंदांत किती होतात ते मोजा. मग एक स्क्रू अगदी थोडा पिळून ते घालवा. स्पंद पूर्ण गेल्यावर दोन्हींपैकी एकाच तारेवर पुठ्ठ्याची सावली धरून फळी उन्हात ठेवा. दहा मिनिटांनी पुन्हा ठोका मारा, आणि उन्हात राहिलेली तार सेकंदाला किती कंपनांनी उतरली ते आम्हाला कळवा.